‘मन घट्ट करा’ म्हणणाऱ्यांस

काही वाक्ये अशी असतात की ती उच्चारणाऱ्यास कवडीचाही खर्च येत नाही, आणि ऐकणाऱ्यास मात्र त्यांची किंमत कित्येक महिने मोजावी लागते. ‘मन घट्ट करा’ हे अशा वाक्यांतले अग्रगण्य होय. एखाद्यास कायमचे दुखणे जडले, त्यापायी त्याचे चित्त खचू लागले आणि त्याने ते कुणाजवळ बोलून दाखविले, की हे वाक्य त्याच्या पुढ्यात येऊन पडते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. परंतु वैद्याचा हेतू चांगला असला म्हणून चुकीचे औषध बरोबर ठरत नाही. हे औषध चुकीचे आहे, एवढेच नव्हे तर ते अपायकारक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे; आणि घरापासून दूर, परभाषेच्या मुलखात नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींत तर ते विशेषच अपायकारक आहे.

प्रथम आमचा अधिकार सांगतो. आम्ही वैद्य नव्हे, मानसशास्त्राचे पंडितही नव्हे. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकुनी करतो. बदलीच्या हुकुमाने सहा वर्षांपूर्वी चेन्नईस आलो. मुलीची शाळा मोडू नये म्हणून कुटुंब मिरजेस राहिले. येथे आल्यावर दुसऱ्या वर्षी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, आम्हांस मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले. यात नवल काहीच नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. प्रौढांतले प्रमाण शेकडा ११.४ पडते, आणि आपल्या गोमंतकाने तर २६.४ टक्क्यांवर पहिला क्रमांक पटकाविला आहे. तेव्हा रोग होणे ही काही आमची विशेष कामगिरी नव्हे. आम्हांस सांगावयाचे आहे ते रोगाच्या मागोमाग, पावलांचा आवाज न करता, जे घरात शिरले त्याविषयी.

तापाला उतार असतो. मोडलेले हाड सांधते. मधुमेह, संधिवात, दमा, मूत्रपिंडाचा विकार अशी दुखणी मात्र सेवापुस्तिकेतल्या पहिल्या नोंदीसारखी असतात. ती शेवटच्या पानापर्यंत सोबत येतात. त्यांना सुटीचा दिवस नाही, निवृत्तीचे वय नाही. रोज सकाळी बोटाच्या टोकाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि यंत्रावर आकडा उमटेपर्यंत थांबायचे. शाळेत निकालाच्या दिवशी पोट ढवळत असे, तसे ते पाच सेकंद जातात. आकडा १२० आला तर आपण शहाणे. २२० आला तर आपण गुन्हेगार. दिवस उजाडण्यापूर्वीच निवाडा झालेला असतो, आणि हा खटला उद्याही पुन्हा चालणार असतो.

पहिले वर्ष आम्ही उत्साहाने काढले. वही घातली, रकाने आखले, कारकुनाला शोभेल अशा टापटिपीने आकडे मांडले. दुसऱ्या वर्षी वही मागे पडली. डॉक्टरांनी संध्याकाळी चालावयास सांगितले होते. बेझंट नगरच्या आमच्या वसाहतीपासून समुद्र दहा मिनिटांच्या अंतरावर. आम्ही पायांत चपला घालून दाराशी उभे राहत असू, आणि पुन्हा आत येऊन खुर्चीत बसत असू. दिवा लावण्याचेही भान राहत नसे. कपाटातली पुस्तके तशीच; या मासिकाचे अंक आले तसे वेष्टनात पडून. झोप पहाटे तीनला उडे. कार्यालयातले काम हातून होत होते, कारण हात सवयीने चालतात. पण कशातच गोडी उरली नव्हती. आपल्या भाषेत या अवस्थेला एक फार अचूक शब्द आहे : करमत नाही. त्याला ना इंग्रजीत जोड, ना आम्हांस येणाऱ्या दुसऱ्या कुठल्या भाषेत.

हे आम्ही चौघांजवळ बोललो. आईने दूरध्वनीवर सांगितले, “बाळ, मन घट्ट कर.” एका सहकाऱ्याने मनाच्या श्लोकांची प्रत आणून दिली. मंडळातले एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “अरे, बाबा आमट्यांना बसतासुद्धा येत नव्हते, आणि तू चार गोळ्यांनी खचतोस?” चौथ्याने विनोद करून विषय बदलला. चौघेही आमचे हितचिंतक. आणि चौघांचाही परिणाम एकच झाला : पुढे आम्ही कुणाजवळच बोललो नाही. आमच्या तक्रारीचे मर्म येथे आहे. ‘मन घट्ट करा’ हा उपदेश दिसतो, पण तो वस्तुतः गप्प बसण्याचा हुकूम आहे. त्यातून ऐकणारा एवढेच समजतो की शरीराचे दुखणे हे दुखणे, आणि मनाचे दुखणे हा दोष. पहिल्याबद्दल सहानुभूती मिळेल, दुसऱ्याबद्दल कानउघाडणी.

या समजुतीला आधार काय? आधुनिक वैद्यकात तर तो नाहीच. दीर्घ आजार आणि खिन्नता ही जोडी जगभर नोंदली गेली आहे. मधुमेह्यांत खिन्नतेचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते. आमच्या या शहरातच २५,४५५ लोकांची पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांत शेकडा १५.१ लोकांत खिन्नतेची लक्षणे आढळली. म्हणजे सकाळच्या बसमध्ये आपल्या आजूबाजूला उभ्या असलेल्या सातांतला एक. शिवाय दोहोंचे लागेबांधे दुहेरी आहेत. मन खचले की चालणे सुटते, जेवणाच्या वेळा बिघडतात, गोळी राहून जाते, आणि शर्करा वाढते. शर्करा वाढली की अंग जड होते, झोप मोडते, आणि मन आणखी खचते. हे चाक एकदा फिरू लागले की त्याला केवळ निर्धाराने थांबविता येत नाही. कारण निर्धार ज्या ठिकाणी उपजतो तेच ठिकाण आजारी असते. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला ‘इस्पितळापर्यंत चालत या’ म्हणण्यासारखेच हे आहे.

कुणी म्हणेल, हे पाश्चात्त्य खूळ आहे. आपले पूर्वज असले लाड करीत नव्हते. अशांना आमची नम्र विनंती की त्यांनी पूर्वजांचे ग्रंथ एकदा उघडून पाहावेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचविसाव्या अध्यायात, कोणत्या वर्गात श्रेष्ठ काय याची एक लांबलचक यादी आहे. तीत रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये अग्रस्थान दिले आहे ते विषादाला. पतंजलीने योगातले नऊ अंतराय मोजले, त्यांत पहिला व्याधी. आणि त्या अंतरायांबरोबर जे चालत येते असे सांगितले, त्यांत दुःखाच्या शेजारी दौर्मनस्य ठेवले. शरीर आजारी पडले की मन खिन्न होणार, हे त्या मंडळींनी सृष्टिक्रम म्हणून नोंदविले. स्वभावदोष म्हणून नव्हे.

आणि भगवद्गीता? तिच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्णही अर्जुनाची दोन श्लोकांत खरपूस कानउघाडणी करतात. ‘मन घट्ट करा’ पंथाचे लोक तेवढेच दोन श्लोक पाठ करून बसले आहेत. पण त्या कानउघाडणीचे फळ काय झाले हे ते सांगत नाहीत. अर्जुन आपली व्याकुळता पुन्हा सांगतो, लढणार नाही म्हणतो, आणि गप्प बसतो! रागावण्याने विषाद गेला नाही. त्याने फक्त तोंड बंद केले. त्यानंतर अठराव्या अध्यायापर्यंत जे चालले तो संवाद होता : शंका विचारू देणारा, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावून सांगणारा, न कंटाळणारा. साक्षात भगवंतांना जे दोन श्लोकांत साधले नाही, ते आपल्या एका वाक्याने साधेल अशी ज्यांची समजूत आहे, त्यांच्या आत्मविश्वासाचे कौतुकच करावयास हवे.

आता थोरांच्या दाखल्यांविषयी. बाबा आमटे यांच्यापुढे आम्ही शतदा नतमस्तक आहोत. पाठीच्या कण्याच्या विकाराने त्यांना बसणे अशक्य झाले होते, आणि १९८५ साली कन्याकुमारीहून निघालेली भारत जोडो यात्रा त्यांनी गाडीत आडवे पडून केली, हे खरे आहे. परंतु त्यांच्याभोवती साधनाताई होत्या, आनंदवन होते, यात्रेत कित्येक तरुण होते. दाखला देणारे हे सारे गाळतात आणि फक्त कणा तेवढा आमच्या अंगावर फेकतात. भाड्याच्या वा सरकारी खोलीत एकटा राहणारा कारकून त्या दाखल्याने उभा राहत नाही. आपण बाबा आमटे नाही एवढीच एक नवी अपात्रता त्याच्या नावावर चढते. आणि संतांचे नाव घ्यावयाचे तर तुकोबांचे घ्या. १६३० च्या दुष्काळात त्यांचे घर उद्ध्वस्त झाले. त्यांच्या गाथेत आनंदाचे अभंग आहेत तसेच खचलेपणाचे, तळमळीचेही आहेत. महाराष्ट्राने ते लपविले नाहीत, देवघरात ठेवले. ज्या भाषेने आपल्या सर्वांत मोठ्या कवीला रडू दिले, त्या भाषेच्या लेकरांनी एकमेकांना रडण्याची चोरी करावी, हे आम्हांस उमगत नाही.

प्रतिपक्षाचे दोन आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा, की मग रोग्याने स्वतः काहीच करावयाचे नाही काय? करावयाचे आहे, आणि पुष्कळ करावयाचे आहे. चालणे, वेळेवर जेवणे, माणसांत मिसळणे यांनी मन सावरते हे आम्ही अनुभवाने सांगू. आमचे म्हणणे एवढेच, की त्या चालण्याला सोबत लागते. आज्ञा पुरत नाही. दुसरा आक्षेप असा, की मग प्रत्येक उदास माणसाला रोगी म्हणावयाचे काय? मुळीच नाही. यंत्रावर २२० पाहून एक दिवस खट्टू होणे हे माणसाचे लक्षण आहे. परंतु दोन आठवडे वा अधिक काळ, बहुतेक रोज, मन उदास राहते वा कशातच गोडी वाटत नाही, त्याबरोबर झोप आणि भूक बिघडते, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते, तेव्हा ती लहर राहिली नाही. ती तपासावयाची गोष्ट झाली. आणि जगणेच नको असा विचार डोकावला, तर दोन आठवडेही थांबावयाचे नाही. त्याच दिवशी बोलावयाचे.

येथवर दोष इतरांचा दाखविला. आता आपल्या मंडळींचा आणि स्वतःचा दाखवितो. तामिळ मुलखात वर्षानुवर्षे राहून आपल्यापैकी कित्येकांस दूधवाल्याचा हिशेब करण्यापलीकडे तामिळ येत नाही. तंजावरच्या भोसल्यांची परंपरा आपण व्यासपीठावरून मोठ्या अभिमानाने सांगतो. त्याच घराण्यातले सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात जी चिकित्सा चाले, तिच्यातले उपचार ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तामिळ पद्यांत बांधून ठेवलेले आहेत. राजा मराठी, पण औषध रयतेच्या बोलीत. आणि आम्ही त्यांचे अभिमानी वारस. आम्हांस तामिळ डॉक्टरांना एक वाक्य सांगता येत नव्हते. शर्करेचा आकडा इंग्रजीत सांगता येतो. ‘करमत नाही’ हे इंग्रजीत सांगता येत नाही. म्हणून आम्ही दर तीन महिन्यांनी फक्त आकडा सांगून परत येत होतो.

ते वाक्य आम्हांस मिळाले शेजारच्या पाट्टींकडून. सत्तरी ओलांडलेल्या या आजीबाई रोज संध्याकाळी जिन्यात भेटल्या की विचारीत, “साप्टाच्चा?” म्हणजे जेवण झाले का. आम्ही मान हलवून पुढे जात असू. एके दिवशी खोटे बोलण्याचाही कंटाळा आला आणि आम्ही म्हणालो, “इल्लै, पाट्टी.” का, असे त्यांनी विचारले. आम्हांस शब्द सापडेना. त्यांनी क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहिले आणि स्वतःच म्हणाल्या, “मनसु सरियिल्लैया?” मन ठीक नाही का? त्यांनी उपदेश केला नाही, कुणाचा दाखला दिला नाही. आत जाऊन ताकभाताची वाटी आणली, आणि आम्ही जिन्यातच बसून ती संपवीपर्यंत उभ्या राहिल्या.

पुढच्या तपासणीच्या वेळी आम्ही डॉक्टरांना, मनात दहादा घोकलेले वाक्य म्हणून दाखविले, “शुगर मट्टुम इल्लै, मनसुम सरियिल्लै.” नुसती साखर नव्हे, मनही ठीक नाही. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि नऊ प्रश्न विचारले. झोपेविषयी, भुकेविषयी, गोडीविषयी, आणि शेवटी जगण्याच्या इच्छेविषयीही. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. काही महिने गोळी चालली, काही महिने बोलणे चालले. चमत्कार झाला नाही. मधुमेह आहे तेथेच आहे. पण दाराशी घातलेल्या चपला आता समुद्रापर्यंत जातात, आणि वहीत पुन्हा आकडे पडू लागले आहेत. ते सगळेच चांगले नसतात. पण आता आम्ही त्यांना केवळ आकडे म्हणून वाचतो.

हा एका कारकुनाचा दैवयोग असे कुणी म्हणू नये. चेन्नई, बंगळूर, दिल्ली आणि विशाखापट्टणम् येथील चार मधुमेह चिकित्सालयांत, मधुमेह आणि खिन्नता दोन्ही असलेल्या ४०४ रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना एक मदतनीस देण्यात आला. हा मदतनीस डॉक्टर नव्हता. त्याने शर्करेबरोबर मनाचीही नियमित विचारपूस करावयाची, आणि मधुमेहाच्या व मनाच्या डॉक्टरांना एकत्र बसवून त्या माणसाचे काय करावयाचे ते ठरवावयाचे. दोन वर्षांनंतर पाहिले तेव्हा, खिन्नता निम्म्याने वा अधिक कमी होऊन त्याबरोबर शर्करा, रक्तदाब वा कोलेस्टेरॉल यांपैकी एकात तरी ठरलेली सुधारणा झालेले लोक, विचारपूस झालेल्या गटात शेकडा ७१.६ होते आणि दुसऱ्यात ५७.४. मन विचारात घेतल्याने शरीर सुधारते, याचा यापेक्षा रोखठोक पुरावा कोणता हवा? आणि त्यातले मुख्य साधन कोणते? कुणीतरी नेमाने विचारणे.

याच शहरात १९८६ पासून ‘स्नेहा’ ही संस्था जगणे नकोसे झालेल्यांचे म्हणणे ऐकून घेण्याचे काम करीत आहे. तेथील कार्यकर्त्यांचे काम ऐकण्याचे आहे, उपदेशाचे नव्हे. सरकारनेही २०२२ च्या ऑक्टोबरात ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक, आणि ज्या वीस भाषांत ती चालते त्यांत मराठी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने वागविण्याचे बंधन घातले; विमा कंपन्यांवरही घातले. म्हणजे कायदा पुढे गेला, आणि आपण मात्र रजेच्या अर्जात ‘खिन्नता’ लिहिण्याऐवजी अजून ‘पोटदुखी’ लिहितो. आम्हीही लिहिली आहे. त्याची आम्हांस लाज वाटते, खिन्नतेची नव्हे.

म्हणून आमची मागणी साधी आहे, आणि ती प्रत्येकाच्या हातातली आहे. आपल्या मंडळांत गणेशोत्सव होतो, कोजागिरी होते, नाटक होते; एकमेकांना भेटल्यावर “शुगर किती?” हे आपण क्रिकेटच्या धावसंख्येसारखे विचारतो. त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा : “करमते ना?” आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. उत्तर ‘नाही’ असे आले तर उपदेश करू नये, बाबा आमट्यांना बोलावू नये. शेजारी बसावे. संध्याकाळी चालावयास सोबत जावे. डॉक्टरांकडे जाताना बरोबर जावे, आणि लागल्यास ते एक वाक्य त्याच्या वतीने तामिळमध्ये, कानडीत, बंगालीत, जेथे असाल तेथल्या बोलीत सांगावे. सभासदांची यादी मंडळाच्या चिटणीसांकडे असतेच. गेल्या दोन-तीन कार्यक्रमांस कोण आला नाही, एवढे पाहून त्याच्या दारावर थाप मारली तरी पुष्कळ झाले.

आणि ज्यांना अजूनही वाटते की माणसाने मन घट्ट करावे, त्यांना आमचे एवढेच सांगणे की मन ही काही मूठ नव्हे. मूठ आवळता येते. मनाला मोकळे व्हावे लागते. ते मोकळे होण्यासाठी समोर एक माणूस लागतो. तो माणूस आपण व्हावयाचे की नाही, एवढाच प्रश्न आहे. आमच्या बाबतीत तो पाट्टी झाल्या. त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही. आम्हां मराठी बांधवांना तर सगळे शब्द येतात.